मेंदूतलं क्वांटम आणि मनाचं क्वांटम गणित

रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत दोन मित्र आहेत. एक निवृत्त इंजिनिअर, दुसरा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारा. मागच्या पंधरवड्यात कट्ट्यावर दोघांची जुंपली. प्राध्यापक म्हणाला, "माणूस मत बनवतो ते क्वांटमच्या नियमांनी. सर्वेक्षणांत दिसलंय." इंजिनिअर उसळला, "भावा, मेंदू ३७ अंशांवर तापलेला, ओलागच्च. तिथं क्वांटम टिकणार तरी कसं?"

तासभर वाद झाला आणि दोघंही शेवटपर्यंत बरोबर होते. क्वांटम म्हणजे अणू-रेणूंच्या जगाचं भौतिकशास्त्र, पण त्या एकाच शब्दाखाली ते दोन निरनिराळ्या गोष्टींबद्दल बोलत होते. हा गोंधळ बातम्यांतही रोज दिसतो, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघू.

पहिली गोष्ट मेंदूच्या मालमसाल्याबद्दलची आहे. डोक्यातल्या रेणूंत, अणूंत खरोखरच क्वांटम घडामोडी होतात आणि जाणीव त्यांतून येते, असा हा दावा. त्याचे सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ते रॉजर पेनरोज. कृष्णविवरांवरच्या कामासाठी २०२० चं नोबेल मिळालेले हेच ते. त्यांनी सुरुवात जीवशास्त्रातून केली नाही, गणितातून केली. गणितज्ञ गोडेलनं १९३१ मध्ये दाखवलं होतं की नियमांच्या कुठल्याही पुरेशा समर्थ, सुसंगत चौकटीत काही विधानं खरी असूनही त्या चौकटीच्या आत सिद्ध करता येत नाहीत. पेनरोज म्हणाले, गणितज्ञाला मात्र ती खरी असल्याचं कळतं. म्हणजे कळणं ही संगणकासारखी पायरीपायरीची आकडेमोड नाही. मग आकडेमोडीत न बसणारं निसर्गात काय आहे? त्यांना ते क्वांटम अवस्था कोसळण्याच्या, म्हणजे एकाच वेळी असलेल्या अनेक शक्यतांतून एकच उरण्याच्या, क्षणात दिसलं, आणि तो क्षण गुरुत्वाकर्षणामुळे येतो असं त्यांनी मांडलं. १९८९ च्या त्यांच्या पुस्तकात हा युक्तिवाद होता, पण मेंदूत हे नेमकं कुठं घडतं याचं उत्तर नव्हतं.

ते उत्तर अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या एका भूलतज्ज्ञानं सुचवलं. स्टुअर्ट हॅमेरॉफ. भूलतज्ज्ञच का, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रोज ऑपरेशन टेबलावर माणसाची जाणीव बंद करायची आणि पुन्हा सुरू करायची, हा ज्याचा धंदा, त्याला ती कुठल्या कळीनं बंद होते हा प्रश्न पडणारच. हॅमेरॉफ यांचं बोट पेशीतल्या सूक्ष्मनलिकांकडे होतं. ट्युब्युलिन या प्रथिनाच्या या नळ्या, जाडी साधारण २५ नॅनोमीटर, म्हणजे एका केसाच्या जाडीत तीनेक हजार शेजारी शेजारी मावतील. पेशीचा सांगाडा त्यांचा, मालवाहतूकही त्यांच्यावरूनच. पेनरोज आणि हॅमेरॉफ यांनी १९९० च्या दशकात म्हटलं की क्वांटम अवस्था याच नळ्यांत जमते आणि कोसळते.

आता इंजिनिअरचा आक्षेप. गुऱ्हाळात काहील रटरटत असताना तिच्यावर रांगोळी काढायला कुणाला सांगितलं तर? क्वांटम अवस्था त्या रांगोळीइतकीच नाजूक असते. म्हणूनच अनेक क्वांटम संगणक निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंशांच्या, अगदी जवळ थंड ठेवतात. मॅक्स टेगमार्क या भौतिकशास्त्रज्ञानं २००० मध्ये मेंदूचा हिशेब मांडला. त्याच्या मते अशी अवस्था फार तर सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागापुरती टिकेल. चेतापेशीला एक ठिणगी टाकायला सेकंदाचा साधारण हजारावा भाग लागतो. म्हणजे एका ठिणगीच्या वेळात रांगोळी हजार कोटी वेळा विस्कटेल. हॅमेरॉफ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये उत्तर दिलं, टेगमार्कनं गृहीतं चुकीची धरली, खरा वेळ सेकंदाच्या लाखाव्या ते दहा हजाराव्या भागापर्यंत जातो. दोन्ही हिशेब कागदावरचे आहेत. मला स्वतःला टेगमार्कचं पारडं जड वाटतं. पण आक्षेपाची धार पूर्वीइतकी राहिलेली नाही हेही खरं. उबदार, ओल्या सजीवांत क्वांटम अगदीच अशक्य नाही, रॉबिन पक्ष्याच्या डोळ्यातल्या चुंबकीय होकायंत्रामागे तेच असावं असं अनेक संशोधक मानतात.

गुरुत्वाकर्षणानं अवस्था कोसळते या भागाची तपासणीही झाली आहे. इटलीत ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी अशा कोसळण्यातून निघायला हवा तो क्षीण किरणोत्सर्ग शोधला. २०२० मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार तो सापडला नाही आणि या कल्पनेचं सर्वांत साधं रूप बाद झालं. बाकीची रूपं अजून उभी आहेत.

दुसरी गोष्ट वेगळ्याच घरातली आहे. तिला क्वांटम कॉग्निशन म्हणतात, आणि ती मेंदू कशाचा बनला आहे याबद्दल अवाक्षर काढत नाही. क्वांटम भौतिकीसाठी बनवलेलं संभाव्यतेचं गणित माणसांच्या मतांना चपखल बसतं का, एवढंच ती विचारते.

शिवाजी पेठेतल्या कुणाला विचारा, "आपल्या पेठेचा संघ यंदा चांगला खेळतोय का?" मग विचारा, "शेजारच्या पेठेचा?" आता दुसऱ्या एखाद्याला हेच प्रश्न उलट्या क्रमानं विचारा. उत्तरं बदलतील, कारण पहिलं उत्तर देताना माणूस जिथं उभा होता तिथून हललेला असतो. अमेरिकेत १९९७ मध्ये गॅलप या सर्वेक्षण संस्थेनं विचारलं, अध्यक्ष क्लिंटन प्रामाणिक वाटतात का, उपाध्यक्ष गोर वाटतात का? क्लिंटनचा प्रश्न आधी आला तेव्हा त्यांना ५० टक्के होकार मिळाले. गोरचा आधी आला तेव्हा त्यांना ६८. म्हणजे १८ टक्क्यांचं अंतर. पण तेच प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर आले की क्लिंटन ५७, गोर ६०. अंतर तीनवर आलं.

शाळेतल्या संभाव्यतेत "हे आणि ते" म्हणजेच "ते आणि हे". क्वांटमच्या गणितात तसं नाही. तिथं मनाची स्थिती हा एक बाण समजतात आणि प्रत्येक उत्तर म्हणजे एक दिशा. उत्तर दिलं की बाण त्या दिशेला वळतो, पुढचा प्रश्न त्या वळलेल्या बाणालाच विचारला जातो. क्रम त्यामुळे आपोआप महत्त्वाचा ठरतो. पण क्रमाचा परिणाम मानसशास्त्राला आधीही ठाऊक होता, त्याची साधी स्पष्टीकरणंही आहेत. मला पटलं ते पुढचं. या गणितातून एक काटेकोर भाकीत निघतं: एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणाऱ्यांचं एकूण प्रमाण क्रम उलटला तरी तेवढंच राहायला हवं. त्यात सोयीनं फिरवायला एकही खुंटी नाही. जेरोम बुसमायर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतली ७० राष्ट्रीय सर्वेक्षणं तपासली आणि हे भाकीत उल्लेखनीय नेमकेपणानं उतरलं.

मग मेंदू क्वांटम ठरला का? नाही. ज्या काट्यावर उसाचा ट्रक तोलतात त्याच काट्यावर लोखंडाचाही तोलता येतो, म्हणून ऊस लोखंड होत नाही. गणित हा काटा आहे. पूर्णपणे साध्या, रासायनिक मेंदूतूनही असं वागणं निघू शकतं, आणि या क्षेत्रातले लोक हे स्वतःच स्पष्ट सांगतात. उलटही खरं: उद्या सूक्ष्मनलिकांत क्वांटम अवस्था सापडली, तरी गॅलपचे आकडे त्यामुळे आले असं ठरणार नाही.

माझ्या मावशीनं झोप येत नाही म्हणून मागच्या वर्षी "क्वांटम ऊर्जे"च्या बैठकांना चांगले पैसे भरले. तिथल्या पत्रकात पेनरोजचं नाव होतं आणि खाली सर्वेक्षणाचे आकडे. दोन्हींत बरं करण्याबद्दल एक शब्द नाही, तरी दोन्ही एकत्र बघून तिला शास्त्राचा आधार असल्यासारखं वाटलं. मला त्याचा अजून त्रास होतो.

कट्ट्यावर मी हे सगळं मांडलं तेव्हा प्राध्यापकाला त्याचं समाधान मिळालं. इंजिनिअरनं मात्र विचारलं, "मग माझं मत बदलायला काय लागेल?" २०२४ चा उंदरांवरचा प्रयोग मी सांगितला. सूक्ष्मनलिकांना चिकटणारं औषध दिलेले उंदीर भुलीखाली जायला मिनिटभराहून जास्त उशीर करतात. तो म्हणाला, "यातून नळ्यांचा संबंध दिसला, क्वांटमचा कुठं?" बरोबर होतं. मग झेनॉनचा सांगितला. झेनॉन वायूनं भूल येते. त्याच्या १२९ आणि १३१ वस्तुमानांकांच्या अणूंच्या केंद्रकाला क्वांटम फिरकी असते, १३२ आणि १३४ ला नसते. रसायन चौघांचं एकच. २०१८ मध्ये छोट्या उंदरांवर दिसलं की भूल यायला फिरकी नसलेला झेनॉन हवेच्या दाबाच्या सत्तरेक टक्के पुरतो, फिरकी असलेला शंभराच्या आसपास लागतो.

"वजनामुळे असेल," तो लगेच म्हणाला.

"१३१ आणि १३२ मध्ये एकाचा फरक आहे आणि परिणामात एवढी मोठी उडी. १३२ आणि १३४ मध्ये दोनाचा, आणि परिणाम जवळजवळ सारखाच."

तो पाण्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "दुसऱ्या कुणी करून बघितलंय का?"