निडारिया: जेलीफिश, पोवळं, समुद्रफूल आणि त्यांची भावकी

निडारिया हा पाण्यात राहणाऱ्या आणि दंश करणाऱ्या प्राण्यांचा संघ. शाळेच्या पुस्तकात याचंच जुनं नाव सीलेंटेराटा किंवा आंतरदेहगुही. जेलीफिश, प्रवाळ म्हणजे पोवळी, समुद्रफुलं, हायड्रा हे सगळे यातलेच, आणि नोंद झालेल्या जाती साधारण ११ हजारांच्या घरात आहेत. कोल्हापूरला समुद्र नाही त्यामुळं आपल्याकडं हा विषय मालवणच्या ट्रिपपुरता असा समज आहे, पण ही भावकी गुजरीतल्या, म्हणजे आपल्या सराफ बाजारातल्या अंगठीपासून रोहूच्या कल्ल्यापर्यंत पसरलीय.

अंगाची रचना लई साधी. पिशवीसारखं पोकळ शरीर, पेशींचे दोन थर आणि त्या दोन्हींच्या मधे भरलेली जेली. हाडं नाहीत, रक्त नाही, मेंदू नाही, नसांचं नुसतं जाळं. तोंड एकच, त्यातनंच खायचं आणि उरलेलं त्यातनंच बाहेर टाकायचं, आणि तोंडाभोवती शुंडकं, म्हणजे भक्ष्य धरायच्या बारीक सोंडा. जेलीफिशच्या अंगात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून वाळूवर येऊन पडली की उन्हानं सुकून जवळजवळ काहीच उरत नाही. मासा तर ती नव्हेच, नाव आपलं पडलंय. तरी साधी म्हणून हलक्यात घेऊ नये, बॉक्स जेलीफिशला चक्क २४ डोळे असतात आणि त्यातल्या काहींना भिंगसुद्धा.

या सगळ्यांना एका घरात आणणारी गोष्ट म्हणजे दंशपेशी. प्रत्येक दंशपेशीत एक सूक्ष्म कुपी असते, तिच्यात गुंडाळी करून ठेवलेली पोकळ दोरी, आणि कुपीतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे १५० पट, कारच्या टायरात आपण दोन-सव्वादोन पट भरतो त्यावरनं अंदाज करा. पेशीच्या बाहेर आलेल्या केसाला धक्का लागला की झाकण उघडतं आणि दोरी उलटी होत बाहेर सुटते, भक्ष्याच्या अंगात घुसते, विष सोडते. हायड्रात हे मोजलंय, टोक सुटायला ७०० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भागसुद्धा नाही. एकदा सुटलेली कुपी परत वापरता येत नाही, नवीन पेशी तयार करावी लागते. आणि हे सुटायला मेंदूचा हुकूम लागत नाही, म्हणून किनाऱ्यावर मेलेली जेलीफिशपण चावते. पोरं ती काडीनं उचलून एकमेकांच्या अंगावर टाकतात, ते बंद करायला पाहिजे. चावलीच तर वाळूनं घासायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, दोन्हीनं कातडीवर राहिलेल्या न फुटलेल्या कुप्यापण फुटतात. समुद्राच्याच पाण्यानं धुवून दवाखाना गाठावा.

पावसाळ्यात मुंबईच्या जुहूला निळ्या फुग्यासारखं जे येतं ते ब्लूबॉटल, तिला सगळे जेलीफिश म्हणतात पण तो एक प्राणीच नव्हे, वेगवेगळी कामं वाटून घेतलेल्या बऱ्याच जणांचं एकत्र कुटुंब आहे, कोण तरंगायचं बघतो, कोण शिकार, कोण पचवायचं.

या प्राण्यांची रूपं दोन. पॉलिप म्हणजे बूड चिकटलेलं, तोंड वर. मेड्युसा म्हणजे तेच उलटं करून पोहायला सोडलेली छत्री. नेहमीच्या जेलीफिशमध्ये दोन्ही येतात, पॉलिप आधी ताटल्यांची चवड लावल्यासारखा आडवा कापत जातो आणि एकेक ताटली सुटून जेलीफिश होते. ट्युरिटॉप्सिस डोहर्नी नावाची जेलीफिश तर जखमी झाली किंवा उपासमार झाली की परत पॉलिप होते, म्हातारपणातनं बालवाडीत. समुद्रफूल आणि प्रवाळ मात्र आयुष्यभर पॉलिपच.

प्रवाळाचा पॉलिप पाण्यातलं कॅल्शियम घेऊन बुडाखाली चुनखडी साठवतो आणि पिढ्यानपिढ्यांचं ते बांधकाम म्हणजे प्रवाळ खडक. खर्च कोण भागवतो तर अंगात राहणारं एकपेशीय शैवाल, उन्हावर साखर करून मालकाला देतं. पाणी जास्त तापलं की हा भाडेकरू बाहेर पडतो, प्रवाळ पांढरं पडतं, लवकर परत आला नाही तर मरतं. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ ला हे मोठ्या प्रमाणावर झालं. आपल्याला सगळ्यात सोयीचं प्रवाळ म्हणजे गगनबावड्याचा घाट उतरून मालवण, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती, १९८७ साली तिथं सागरी अभयारण्य झालं. डायव्हिंग करताना हात लावू नका, तुकडा तर आणूच नका, खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत.

मग गुजरीत मंगळासाठी अंगठीत बसवतात ते पोवळं कुठलं? अस्सल लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, आणि ते खडक बांधणारं प्रवाळ नव्हेच. ते आठ शुंडकांच्या शाखेतलं, समुद्रपंख्याच्या जवळचं, फांदीसारखं वाढतं आणि वाढ इतकी हळू की मण्याएवढी जाडी यायला कित्येक वर्षं जातात.

आता गोडं पाणी. हायड्रा हा जेमतेम सेंटिमीटरभर, स्वच्छ संथ पाण्यात पानाच्या खालच्या बाजूला लटकलेला असतो, कॉलेजच्या प्रॅक्टिकलला स्लाइडवर बघितला होता तेव्हा धाग्याचा तुकडा वाटला. अब्राहम ट्रेम्ब्ली यांनी १७४० च्या दशकात तो कापून दाखवला, तुकड्यातनं अख्खा प्राणी परत.

पण आपल्यासाठी खरी बातमी म्हणजे सह्याद्रीतली गोड्या पाण्याची जेलीफिश, लिम्नोक्निडा इंडिका. ही मूळचे मालवणचे वनस्पतीशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना सापडली, तोवर हिचे भाऊबंद आफ्रिकेतच माहीत होते, आणि १९११ च्या सुमारास कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या नेल्सन अनंदेल यांनी तिचं वर्णन छापलं. जागा सातारा जिल्ह्यातली, कोयना आणि वेण्णेच्या खोऱ्यात. हेच पाणी पुढं कृष्णेतनं नरसोबावाडीला येऊन पंचगंगेला भेटतं, तरी वाडीला संगमावर उभा राहणाऱ्या माणसाला याचा पत्ता नसतो.

सगळ्यात घसरलेली शाखा मिक्सोझोआ. हे परजीवी, दुसऱ्याच्या अंगात राहून आयतं खायची सवय लागली आणि तोंड, आतडं, नसा सगळं गेलं, काही पेशींचे बीजाणू तेवढे राहिले. बरीच वर्षं शास्त्रज्ञ त्यांना एकपेशीय समजत होते, पण बीजाणूत दंशपेशीचीच कुपी निघाली आणि डीएनएनंही तेच सांगितलं. तळ्यात पाळलेल्या रोहू-कटल्याच्या कल्ल्यावर कधी बारीक पांढऱ्या गाठी दिसतात, त्या बऱ्याचदा यांच्याच. मासेवाली मावशी कल्ले काढूनच देते त्यामुळं गिऱ्हाईकाला त्या दिसत नाहीत.