बो जॅक्सनचा खुबा आणि रक्ताला मुकलेलं हाड

अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळणाऱ्या बो जॅक्सनच्या मांड्यांत इतकी ताकद होती, की धावता धावता त्याने स्वतःच्याच जोराने स्वतःचा खुबा उखडला, अशी गोष्ट अमेरिकेत आजही कौतुकाने सांगितली जाते. मला ती खटकते. त्याच्या शरीरात खरोखर जे घडलं ते या दंतकथेहून फार विलक्षण आहे, आणि त्याचा संबंध आपल्याकडच्या रुग्णांशीही आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये रनिंग बॅकचं काम सांगायला सोपं आहे. चेंडू हातात घ्यायचा आणि समोरच्या भिंतीसारख्या गर्दीतून वाट काढत धावायचं. अंगावर आदळणारी माणसं शंभर-सव्वाशे किलोंची असतात, त्यामुळे या जागेवरची कारकीर्द बहुधा अल्पायुषी ठरते. बो अलाबामातल्या बेसेमर गावचा. १९८५ साली महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च हाइसमन पुरस्कार त्याला मिळाला. उन्हाळ्यात कॅन्सस सिटी रॉयल्सकडून बेसबॉल आणि तो हंगाम संपला की लॉस एंजेलिस रेडर्सकडून फुटबॉल, असं त्याचं वर्ष चाले. त्यामुळे १९८७ ते १९९० या चार हंगामांत त्याच्या वाट्याला फुटबॉलचे फक्त ३८ सामने आले. त्यांत त्याने ५१५ वेळा चेंडू घेऊन २,७८२ यार्ड कापले, म्हणजे दर धावेला सरासरी ५.४ यार्ड. या खेळात चार यार्डांची सरासरी समाधानकारक मानतात. (त्याने ४० यार्ड ४.१२ सेकंदांत कापल्याचा आकडा मात्र जपूनच घ्यावा. तो हाताने दाबलेल्या घड्याळाचा आहे. धावपटू हलल्याचं दिसून बोट दाबलं जाईपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग सहज निघून जातो.)

१३ जानेवारी १९९१. सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध बाद फेरीचा सामना. ३४ यार्डांच्या धावेच्या शेवटी एका खेळाडूने मागून बोचा पाय पकडला. पाय अडकला, पण शंभर किलोंहून जड शरीर वेगात पुढेच निघालं होतं. तो सगळा वेग मांडीच्या हाडातून वर चढला आणि डाव्या खुब्याचा गोळा खोबणीच्या मागच्या कडेवर ढकलला गेला. एवढ्या वेगातला एवढ्या वजनाचा कुणीही तिथे असता तरी हेच झालं असतं. त्यासाठी अमानुष ताकद लागत नाही.

खुबा हा उखळी सांधा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कंबरेच्या हाडातल्या खोल खोबणीत फिरतं. हे डोकं जवळजवळ सगळीकडून कूर्चेने, म्हणजे गुळगुळीत, लवचीक अस्तराने मढवलेलं असतं, आणि कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग आतल्या हाडाला रक्त पोहोचतं कुठून? मुख्यतः मानेकडून, म्हणजे डोक्याखालच्या हाडाच्या अरुंद भागाकडून. हाडाच्या मानेला बिलगून, सांध्याच्या आवरणाखालून काही बारीक धमन्या वर चढतात आणि कूर्चेच्या काठापाशी हाडात शिरतात. डोक्याच्या मध्यावरच्या एका छोट्या बंधातूनही एक धमनी येते, पण मोठ्या माणसात तिचा पुरवठा सहसा पुरत नाही. गोळा जागेवरून सरकला की मानेवरच्या धमन्या ताणल्या जातात, पिळल्या जातात, कधी तुटतात. निखळलेला खुबा शक्यतो सहा तासांच्या आत बसवावा असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच. रक्ताविना हाडातल्या पेशी काही तासांतच मरू लागतात.

पेशी मेल्या तरी हाड लगेच मोडत नाही. कॅल्शियमच्या क्षारांचा आणि कोलॅजेनच्या तंतूंचा सांगाडा तसाच उभा असतो, वजनही पेलतो. क्ष-किरण चित्रात दिसतो तो हाच सांगाडा, म्हणून सुरुवातीला ते चित्र अगदी निर्दोष येतं. खरी पडझड शरीर दुरुस्तीला लागल्यावर सुरू होते. जिवंत हाडाच्या हद्दीवरून नव्या रक्तवाहिन्या मेलेल्या भागात शिरतात. त्यांच्याबरोबर हाड खाणाऱ्या पेशी येतात आणि हाड बांधणाऱ्याही. खाणाऱ्या झपाट्याने मेलेलं हाड विरघळवतात. बांधणाऱ्यांना नवं रचायला महिने लागतात. टेकू न देता जुन्या वाड्याची तुळई काढावी, तसा मधला काळ धोक्याचा असतो. त्यात खुब्यावरचा भार नुसता शरीराच्या वजनाएवढा नसतो. एका पायावर उभं राहताना शरीराचा तोल खुब्याच्या आतल्या बाजूला असतो. कंबर कलंडू नये म्हणून बाहेरच्या स्नायूंना तिला जोराने खाली ओढून धरावं लागतं, आणि त्यांची तरफ आखूड असते. त्यामुळे साध्या चालण्यातही सांध्यावर वजनाच्या दुप्पट-तिप्पट दाब पडतो, धावताना त्याहूनही जास्त. या दाबाखाली कूर्चेलगतचं पोखरलेलं हाड चिरतं, मग खचतं. कूर्चा सांध्यातल्या द्रवावर पोसते, म्हणून ती बराच काळ जिवंत राहते. पण खालचा आधार गेल्यावर तिचा गुळगुळीत गोल टिकत नाही.

बोच्या खुब्यात हेच झालं. मार्च १९९१ मध्ये रॉयल्सने त्याला मोकळं केलं आणि तो पुन्हा कधी फुटबॉल खेळला नाही.

रक्ताअभावी हाड मरण्याच्या याच आजाराचे (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस) तरुण रुग्ण २०२१ साली कोविडनंतर मुंबईत दिसू लागले आणि त्याच्या बातम्या झाल्या. तिथे वाट निराळी: स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रांनी अस्थिमज्जेतल्या मेदपेशी फुगतात, हाडाच्या बंद पोकळीत दाब वाढतो आणि रक्ताचा प्रवाह अडतो. अतिमद्यपानानेही असंच होऊ शकतं. कोविडमध्ये स्टेरॉइडने असंख्य जीव वाचवले, म्हणून त्याला दोष देत बसू नये. पण नंतर जांघेत दुखत राहिलं आणि क्ष-किरण चित्र स्वच्छ आलं तर एमआरआयबद्दल जरूर विचारावं. हाड खचण्याआधी कळलं, तर त्यात भोक पाडून दाब उतरवण्याची शस्त्रक्रिया करता येते. या टप्प्यावर हाडवैद्याच्या मालिशीत किंवा ‘शस्त्रक्रियेविना खात्रीशीर इलाज’ अशा जाहिरातींत महिने घालवणं मला फार क्लेशदायक वाटतं, कारण खचलेला गोळा पुन्हा गोल होत नाही.

एप्रिल १९९२ मध्ये बोचा खुबा बदलून कृत्रिम सांधा बसवला. ९ एप्रिल १९९३ रोजी शिकागो व्हाइट सॉक्सकडून तो पुन्हा फलंदाजीला उतरला आणि पहिल्याच फटक्यात त्याने होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारला. त्या हंगामात त्याने असे १६ होम रन मारले. धातू आणि प्लास्टिकच्या त्या सांध्यावर तो १९९४ पर्यंत बेसबॉल खेळला.