थांबलेली गाडी जोरात सुटावी म्हणून: टर्बो ऑटोमॅटिक गाड्यांच्या ग्राहकांसाठी माहिती

एप्रिल लागला की आमच्या गॅरेजमध्ये एकच तक्रार वारंवार येते. "गाडीला सुरुवातीचा पिकअप राहिला नाही, रीमॅप करून द्या." (रीमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातील सेटिंग बदलून जोर वाढवणे.) यातील बहुतेक गाड्यांच्या इंजिनात काहीही दोष नसतो. गाडी जोरात सोडण्याचा सराव करताना गिअरबॉक्स तापवला जातो, तापलेला गिअरबॉक्स स्वतःला वाचवण्यासाठी इंजिनाचा जोर कमी करून घेतो, आणि ग्राहकाला वाटते की इंजिनच थकले. हे प्रत्येकाला काउंटरवर उभ्या उभ्या समजावणे शक्य होत नाही, म्हणून हे पत्रक.

आपल्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे, हे आधी माहीत असावे. पोलो जीटी टीएसआय (१.२ लिटर इंजिन), व्हर्टस जीटी आणि आय-२० एन लाइन यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्यांत कोरड्या प्लेट्सचा डबल क्लच (आळीपाळीने गिअर जोडणारे दोन क्लच) असतो. २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएसमधील सहा गिअरचा डबल क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. बीएमडब्ल्यूच्या ३ सीरिजसारख्या गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे इंजिनाचा जोर सुरुवातीला ऑइलच्या प्रवाहातून चाकांकडे जातो. या तिन्हींची सहनशक्ती वेगळी आहे, पण तिघांचाही शत्रू एकच आहे, आणि तो म्हणजे उष्णता.

आता ज्या चुकीमुळे आपला वेळ आणि पैसा दोन्ही जातात, तिच्याकडे येऊ. डाव्या पायाने ब्रेक दाबून धरायचा, उजव्या पायाने रेस द्यायची, आणि मित्राने हात खाली करेपर्यंत तसेच थांबायचे, ही ती चूक. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत या वेळी चाके थांबलेली असतात आणि इंजिन फिरत असते, त्यामुळे इंजिनाची सगळी ताकद ऑइल घुसळण्यात जाते. समजा, इंजिन २,००० आरपीएमवर २५० न्यूटन मीटर टॉर्क देत आहे. याचा हिशेब सुमारे ५२ किलोवॉट होतो. घरातला गीझर साधारण २ किलोवॉटचा असतो. म्हणजे सव्वीस गीझर एकाच वेळी त्या थोड्याशा ऑइलमध्ये लावल्यासारखे होते. कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ब्रेक धरून रेस देण्याच्या अशा चाचणीला, म्हणजे स्टॉल टेस्टला, साधारण पाच सेकंदांची मर्यादा असते आणि दोन चाचण्यांमध्ये ऑइल थंड होऊ द्यावे असे लिहिलेले असते, त्याचे कारण हेच आहे. आपल्यापैकी अनेक जण दहा-बारा सेकंद धरतात आणि लगेच परत फिरून पुन्हा धरतात.

कोरड्या डबल क्लचमध्ये प्रकार थोडा वेगळा आहे. ब्रेक पूर्ण दाबला असेल तर क्लच सुटतो आणि बऱ्याच गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबल्यास इंजिनाची रेसच कापली जाते, त्यामुळे फायदा काहीच होत नाही. खरे नुकसान होते ते ब्रेक अर्धवट दाबून गाडी इंच-इंच पुढे सरकवण्याने. ते हाफ क्लचवर गाडी चढावर धरून ठेवण्यासारखेच आहे, फरक इतकाच की इथे क्लच आपल्या पायाखाली नसल्याने जळका वास येईपर्यंत आपल्याला कळत नाही. न्यूट्रलमध्ये रेस वाढवून झटक्यात डी टाकण्याचा प्रकार तर कोणत्याही ऑटोमॅटिकमध्ये करू नये. त्यात क्लच, शाफ्ट आणि माउंटिंग या सगळ्यांना एकाच क्षणी दणका बसतो.

गेल्या मे महिन्यात दुपारी चार वाजता टॉर्क कन्व्हर्टरची एक सेडान आमच्याकडे आली. मालकांनी त्या दिवशी पंधराएक वेळा गाडी सोडून पाहिली होती आणि प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा सुस्त वाटत होती. स्कॅनर लावला तेव्हा गिअरबॉक्सच्या ऑइलचे तापमान ११८ अंश होते. गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी काढलेले ऑइल गडद तपकिरी झाले होते आणि त्याला जळका वास होता. इंजिनात एकही फॉल्ट कोड नव्हता. मालक रीमॅपसाठी पैसे घेऊन आले होते; आम्ही ऑइल आणि फिल्टर बदलून दिले आणि रीमॅपला नकार दिला.

योग्य पद्धत अशी आहे. आधी किमान पंधरा मिनिटे साधेपणाने गाडी चालवून इंजिन आणि गिअरबॉक्स कामाच्या तापमानावर आणावे. स्टिअरिंग सरळ, गिअर एस किंवा स्पोर्ट मोडवर. मॅन्युअलमध्ये लाँच कंट्रोल (गाडी जोरात सोडण्याची कंपनीने दिलेली सोय) दिले असेल तर त्यातील क्रम जसाच्या तसा पाळावा. ते नसेल आणि गाडी टॉर्क कन्व्हर्टरची असेल, तर ब्रेक धरून रेस १,५०० ते १,८०० आरपीएमपर्यंतच आणावी, जास्तीत जास्त दोन सेकंद, आणि ब्रेक सोडावा. टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) जागा होण्यास तेवढे पुरते. डबल क्लचमध्ये ब्रेक पूर्ण सोडून मगच ॲक्सिलरेटर द्यावा. कोणत्याही गाडीत ॲक्सिलरेटर एकदम तळाला न नेता आधी निम्म्याच्या थोडा पुढे द्यावा आणि गाडीने रस्ता पकडला की साधारण एका सेकंदात पूर्ण दाबावा. वर नावे दिलेल्या पोलो, व्हर्टस, आय-२० आणि ऑक्टाव्हिया या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. गाडी सुटताना वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि जागेवर फिरतात. चाक फिरले की वेळ गेला. म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल (चाके जागेवर फिरू न देणारी यंत्रणा) बंद करण्याचा मोह टाळावा. एक प्रयत्न झाला की पुढच्या प्रयत्नाआधी पाच-सात मिनिटे हळू चालवून हवा लागू द्यावी, जागेवर इंजिन चालू ठेवून उभे राहू नये.

टायरकडे कोणीच बघत नाही, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. आपल्या शहराच्या उन्हात सहा वर्षे भाजलेले रबर नखाने दाबले तरी दबत नाही, आणि नागपूरच्या सिमेंटच्या रस्त्यांवर बारीक धूळ असली की अशा टायरला पकड मिळतच नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. पिकअपसाठी खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च चांगल्या टायरवर करावा, असे आम्ही सांगतो, आणि टायर आम्ही विकत नाही.

उन्हाळ्याचा परिणाम खरा आहे. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे एक दशांशाने विरळ असते, आणि इंटरकूलरलाही (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा भाग) तीच गरम हवा मिळते. मे महिन्यातल्या दुपारची वेळ जानेवारीच्या सकाळच्या वेळेशी ताडून पाहू नये.

हे सर्व सार्वजनिक रस्त्यावर करण्यासाठी नाही. रिंग रोड, वर्धा रोड, मिहानकडचे मोकळे रस्ते किंवा समृद्धी महामार्ग, यांपैकी कुठेही नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार शासनाच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मान्यताप्राप्त ड्रॅग स्पर्धांमध्ये भाग घ्यावा. तिथे धावेची वेळ गाडी जागेवरून हलल्यावर मोजायला सुरुवात होते, त्यामुळे शांतपणे सुटणाऱ्याची वेळ वाया जात नाही.

"दोन तासांचे काम असताना गाडी रात्रभर का ठेवता?" हा प्रश्न आम्हाला रोज विचारला जातो. गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी ठरावीक तापमानालाच तपासावी लागते. ऑक्टाव्हिया आरएसच्या त्या सहा गिअरच्या डबल क्लचसाठी ती ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान पाहतात. मे महिन्यात दुपारी नागपुरात सावलीतच ४५ अंश असतात, मग चालवून आणलेल्या गाडीचे ऑइल त्या मर्यादेत यायचे कसे? गरम ऑइल फुगलेले असते, पातळी बरोबर दिसते आणि प्रत्यक्षात ऑइल कमी भरले जाते. म्हणून हे काम आम्ही पहाटे, शटर उघडल्यावर सर्वप्रथम करतो. त्या डबल क्लचचे ऑइल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलायचे असते. "लाइफटाइम ऑइल" आहे असे ऐकून निश्चिंत असलेल्या ग्राहकांनी हेही लक्षात घ्यावे की झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलण्यास सांगते.

रीमॅप आम्ही करतो, पण स्कॅनरवर गिअरबॉक्सचे तापमान आणि क्लचची स्थिती नोंदवल्याशिवाय करत नाही. या तपासणीला पाऊण तास लागतो आणि नंतर काम आमच्याकडेच केल्यास तिचे शुल्क बिलातून वजा होते. गाडी संध्याकाळी सातच्या आत, त्या दिवशी जोरात न पळवता आणावी, सर्व्हिसची जुनी बिले सोबत द्यावीत, आणि शेवटचे ऑइल किती किलोमीटरला बदलले हे आठवत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. अंदाजाने सांगितलेल्या आकड्यापेक्षा ते आम्हाला अधिक उपयोगी पडते.