घरातला गिटार टोन आणि वायरिंगची घरघर

मे महिन्यात विदर्भातल्या खेड्यात, टिनाच्या खोलीत इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करायची तर कूलर लागतोच. आणि कूलरची मोटर जवळ असली की हेडफोनमध्ये घरघर सुरू होते. हे दुखणं आपल्या गावाचं नाही, त्या वाद्याच्या जन्मापासूनचं आहे. १९३२ साली बाजारात आलेल्या ‘फ्राइंग पॅन’ गिटारीपासून पिकअप म्हणजे चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. ते तारांची थरथर टिपतं, तशी मोटरची अन् वायरिंगची ५० हर्ट्‌झची घरघरही टिपतं. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन वेटोळी उलटसुलट जोडून ती बरीचशी मारली, तोच हंबकर पिकअप.

पण टोन निम्मा स्पीकरचा असतो, हे नव्या पोरांना कोणी सांगत नाही. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वरचा आवाज गाळून टाकतो. आवाज फाडणाऱ्या डिस्टॉर्शन पेडलची वायर थेट मिक्सरमध्ये खोचली की हे गाळणं होत नाही, सूर माश्यांसारखा भणभणतो. म्हणून स्टुडिओत अँप (गिटारचा अँप्लिफायर) दणक्यात वाजवून स्पीकरच्या जाळीपाशी माइक लावत. १९६५ चा शुअर एसएम५७ हा माइक अजूनही तिथंच दिसतो. घरी, शेजार झोपलेला असताना, ते कसं जमणार?

१९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ हा छोटा रेकॉर्डर आला आणि कॅसेटवर घरीच चार ट्रॅक होऊ लागले. मग अँप आणि स्पीकरची नक्कल करणाऱ्या छोट्या पेट्या आल्या: रॉकमन, सॅन्सअँप, १९९८ मध्ये लाइन ६ चा पॉड. खरी मोकळीक मात्र इम्पल्स रिस्पॉन्सने दिली: स्पीकर आणि माइकचा स्वभाव एका छोट्या फाइलीत मावला. आता अँपची नक्कल करणारं न्यूरल अँप मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. गावातल्या वादकाने महागड्या अँपचा ध्यास सोडावा आणि पैसे आधी अर्थिंगला लावावेत, असं माझं ठाम मत आहे.

कारण माइक गेला तरी घरघर राहिलीच. गिटार घेऊन बसल्या जागी हळूहळू वळून बघा; एका दिशेला ती एकदम बारीक होते, तिथंच वाजवा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर थांबली, तर दोष बहुधा चार्जरचा नाहीतर अर्थिंगचा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं. घरघर घालवायला प्लगची अर्थ पिन मात्र कोणी तोडू नये, ते जिवावर बेततं.