जोन्स : हजारो योहानांचे एक आडनाव

वेल्श भाषेच्या पारंपरिक वर्णमालेत 28 अक्षरे आहेत आणि त्यांत 'जे' हे अक्षर नाही. परभाषेतून आलेल्या शब्दांसाठी ते पुढे उसने घेतले गेले. तरीही वेल्समधील सर्वांत जास्त लोकांचे आडनाव 'जे'नेच सुरू होते. तेथे दर शंभर माणसांत जवळपास सहा जण जोन्स आहेत. आडनाव वेल्श माणसांचे, पण घडण इंग्रजी, असा हा प्रकार आहे आणि तो समजून घ्यायचा तर ज्या काळी वेल्समध्ये आडनावेच नव्हती, त्या काळापर्यंत मागे जावे लागते.

अर्थ अगदी साधा आहे. जोन्स म्हणजे जॉनचा मुलगा. शेवटचा 'स' हा इंग्रजीतील षष्ठीचा प्रत्यय. जॉन हे नाव हिब्रू 'योहानान'पासून आले, त्याचा अर्थ 'परमेश्वर कृपाळू आहे' असा होतो आणि मराठी बायबल वाचणाऱ्यांना ते 'योहान' म्हणून परिचयाचे आहे.

मध्ययुगीन वेल्समध्ये माणसाची ओळख त्याच्या वडिलांच्या नावाने होत असे. स्वतंत्र वेल्सचा 1282 मध्ये मारला गेलेला शेवटचा राजा लिवेलिन अप ग्रिफिद, म्हणजे ग्रिफिदचा मुलगा लिवेलिन. मुलींच्या नावांत 'अप'ऐवजी 'वेर्ख', म्हणजे 'मुलगी', हा शब्द येई. वेल्शमध्ये मुलाला 'मब' म्हणतात. या भाषेत आधीच्या शब्दाच्या प्रभावाने पुढच्या शब्दाचे पहिले व्यंजन बदलते; त्या नियमाने 'मब'चा 'वब' झाला, मग तो 'व'ही गळाला आणि स्वरापूर्वी 'अब', व्यंजनापूर्वी 'अप' एवढेच उरले. आयरिश व स्कॉटिश नावांतील 'मॅक' हा याच शब्दाचा चुलतभाऊ आहे.

ही साखळी आजोबा, पणजोबांपर्यंत, कधी त्याहीपुढे म्हटली जाई, आणि ती केवळ अभिमानापोटी नव्हे. दहाव्या शतकातील राजा हवेल दा याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेल्श कायद्यात जमीन सर्व मुलांमध्ये वाटली जाई. एखाद्याच्या हातून खून झाला, तर त्याची भरपाई दूरच्या भाऊबंदांनाही वाटून द्यावी लागे. ज्याला आपली वंशावळ सांगता येत नसे, त्याला जमिनीवरचा हक्कही सिद्ध करता येत नसे. म्हणून वंशावळ तोंडपाठ असणे ही व्यवहाराची गरज होती.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या काळात, 1536 आणि 1543 च्या कायद्यांनी, वेल्स इंग्लंडच्या कायदेव्यवस्थेत पूर्णपणे सामावले गेले आणि न्यायालयाची भाषा इंग्रजी झाली. इंग्रज अधिकाऱ्यांना ही लांबलचक नावे अडचणीची वाटू लागली. थॉमस अप रिचर्ड अप हवेल अप येयान वेखान नावाच्या जमीनदाराला न्यायालयात 'एवढे लांब नाव नको, आपल्या वाड्याचेच नाव लाव' असे सांगण्यात आले आणि त्याचे घराणे मोस्टिन म्हणून ओळखले जाऊ लागले, अशी कथा आहे.

ज्यांच्याकडे वाडा नव्हता, त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक तर 'अप'मधला 'प' किंवा 'अब'मधला 'ब' वडिलांच्या नावाला चिकटून जाई: अप हवेलचा पॉवेल, अप रीसचा प्राइस, अप हॅरीचा पॅरी, अब ओवेनचा बोवेन. नाहीतर 'अप' सोडून देऊन इंग्रजी धाटणीचा 'स' लावला जाई: जॉनचे जोन्स, विल्यमचे विल्यम्स, डेव्हिडचे डेव्हिस. योहान हे एकच नाव वेल्शमध्ये येयान, इवान आणि शोन अशा वेगवेगळ्या काळांतील रूपांनी नांदत होते, त्यामुळे आजचे जोन्स, एव्हन्स, बेव्हन आणि अपजॉन ही चारही आडनावे मुळात एकाच अर्थाची आहेत. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

साखळी नेमकी कुठे थांबली, हे एका घरात अगदी जवळून पाहता येते. अँगल्सी बेटावरील एका लहान शेतावर 1675 च्या सुमारास शोन शोर यांना मुलगा झाला. शोनचा मुलगा विल्यम, म्हणून तो विल्यम जोन्स. पुढे हा शेतकऱ्याचा मुलगा गणितज्ञ झाला आणि 1706 च्या आपल्या ग्रंथात वर्तुळाचा परीघ व व्यास यांच्या गुणोत्तरासाठी त्याने प्रथमच 'पाय' हे चिन्ह वापरले. त्याचा मुलगा 1746 मध्ये लंडनला जन्मला, त्याचेही नाव विल्यम. जुन्या रीतीप्रमाणे तो 'विल्यम अप विल्यम' किंवा विल्यम्स व्हायला हवा होता. पण तो जोन्सच राहिला. वडिलांचे नाव सांगणारा शब्द एका पिढीत आडनाव होऊन बसला. कोलकात्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि 1784 मध्ये एशियाटिक सोसायटी स्थापणारे सर विल्यम जोन्स ते हेच. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे, आणि केल्टिक भाषाही (वेल्श ही त्यांपैकीच) त्याच कुळातील असाव्यात, असे त्यांनी 1786 मध्ये मांडले. वेल्शमध्ये तीनला 'त्री' आणि नऊला 'नाऊ' म्हणतात, हे ऐकल्यावर मराठी माणसाला त्यासाठी वेगळा पुरावा लागू नये.

आता प्रश्न उरतो तो संख्येचा. ब्रिटनच्या निबंधक खात्याने 1853 साठी केलेल्या अंदाजानुसार इंग्लंड व वेल्समध्ये मिळून 2,53,600 स्मिथ आणि 2,42,100 जोन्स होते. वेल्सची लोकसंख्या तेव्हा एकूण लोकसंख्येच्या पंधराव्या हिश्श्याच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. वेल्समधील दहापैकी नऊ माणसे शंभराहूनही कमी आडनावांत बसतील, असेही त्या अहवालात म्हटले होते. याचे कारण आडनावांत नसून पाळण्यातल्या नावांत आहे. कडवालादर, एडनिव्हेड अशी जुनी वेल्श नावे मध्ययुगातच मागे पडू लागली होती आणि जॉन, विल्यम, डेव्हिड, थॉमस अशी मोजकी नावे घरोघरी पोचली होती. जमीनदारांनी सोळाव्या शतकातच आडनावे कायम केली. पण वायव्येकडील सामान्य शेतकऱ्यांमध्ये वडिलांच्या नावाची रीत अठराव्या शतकातही टिकून होती. जेव्हा त्यांची आडनावे ठरली, तेव्हा गावात वडिलांची नावेच चार-पाच उरली होती. त्यामुळे एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेली कुटुंबे एकाच गावात एकाच आडनावाची झाली.

आडनावे कशी टिकतात, याचे गणित फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी 1870 च्या दशकात मांडले. एका पुरुषापासून सुरू झालेल्या आडनावाची कल्पना करा. कुणाला तीन मुलगे होतात, कुणाला एकही होत नाही. सरासरी एकच मुलगा असेल, तर केव्हा ना केव्हा एखादी पिढी अशी येतेच की जिच्यात पुरुष वारस उरत नाही आणि ते नाव संपते. जोन्स या आडनावाला हा धोका जवळजवळ नाही, कारण त्याची सुरुवात हजारो ठिकाणी, हजारो बापांपासून झाली. एक फांदी वाळली, तरी बाकीच्या वाढत राहतात.

याचा पडताळा जनुकशास्त्रातही मिळतो. वाय गुणसूत्र आडनावाप्रमाणेच बापाकडून मुलाकडे जाते. इंग्लंडमधील लेस्टर येथील संशोधकांनी 2009 मध्ये 40 ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांची वाय गुणसूत्रे तपासली, तेव्हा विरळ आडनावांचे पुरुष बहुधा एकाच पूर्वजाचे वंशज दिसले. उलट स्मिथ आडनावाच्या पुरुषांत एकमेकांशी विशेष जवळीक आढळली नाही. अनेक मुळे असलेल्या जोन्सलाही हाच तर्क लागू पडतो. म्हणूनच 3 नोव्हेंबर 2006 रोजी कार्डिफच्या एका नाट्यगृहात 1,224 जोन्स एकत्र आले आणि एका आडनावाच्या सर्वांत मोठ्या मेळाव्याचा विक्रम झाला, तरी त्याला कुळाचा मेळावा म्हणता आले नसते.

इतके जोन्स एकत्र नांदायचे, तर त्यांना वेगळे ओळखण्याची सोय हवीच. खेड्यांत धंदा किंवा शेताचे नाव जोडले जाई, म्हणजे दूध घालणारा तो 'जोन्स दूधवाला'. सैन्यात क्रमांक उपयोगी पडे. 22 जानेवारी 1879 रोजी दक्षिण आफ्रिकेतील रोर्क्स ड्रिफ्ट येथे झुलू सैन्याने हल्ला केला, तेव्हा तेथील इस्पितळाच्या एका खोलीत विल्यम जोन्स आणि रॉबर्ट जोन्स हे दोन साधे शिपाई दाराशी लढत राहिले आणि त्या खोलीतील सातांपैकी सहा रुग्ण बाहेर काढता आले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पलटणीच्या हजेरीपटावर ते होते 593 जोन्स आणि 716 जोन्स.