गोदामातला तक्ता, वर्गातले अक्षर

नोकरीच्या ठिकाणी माणसे अशी का वागतात आणि पाच वर्षांच्या मुलाला वाचायला कसे शिकवावे, हे दोन प्रश्न एकाच अभ्यासशाखेत शेजारी शेजारी दिसले की नवखा वाचक चक्रावतो. एकीकडे टार्गेट आणि सुपरवायझर, दुसरीकडे अक्षरओळख. पण दोघांचे आजोळ एकच आहे: अमेरिकेतला वर्तनवाद.

१८९८ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइकने पिंजऱ्यात कोंडलेल्या मांजरांवरून दाखवले, की ज्या हालचालीने दार उघडते तीच हालचाल पुढे टिकते. १९१३ मध्ये जॉन वॉटसनने मानसशास्त्राला बजावले, की मनात डोकावणे सोडा, दिसणारी वागणूक अभ्यासा. (विद्यापीठ सुटल्यावर हे गृहस्थ जाहिरातीच्या धंद्यात गेले. पुढच्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवा.) मग आले बी. एफ. स्किनर. वागणुकीनंतर लगेच काय घडते यावर ती वागणूक पुन्हा होणार की नाही हे ठरते, असे त्यांचे म्हणणे. वागणूक पुन्हा घडायला असे बळ मिळणे, यालाच प्रबलन म्हणतात.

११ नोव्हेंबर १९५३ रोजी स्किनर पालक म्हणून मुलीच्या चौथीच्या वर्गात जाऊन बसले. गणिताचा तास चालू होता. काही मुलांची उदाहरणे केव्हाच सुटली होती, ती चुळबुळत होती. काहींचे पहिल्यातच अडले होते. आपले उत्तर बरोबर की चूक, हे वही तपासून परत मिळेपर्यंत कुणालाच कळणार नव्हते. प्रयोगशाळेतल्या कबुतराला चोच बरोबर जागी मारताच दाणा मिळतो, आणि इथे मुलांना ताटकळावे लागते! स्किनर घरी आले आणि शिकवणारे यंत्र बनवायच्या मागे लागले. यंत्रे फार टिकली नाहीत. त्यामागचा विचार टिकला.

कारखान्यांतली गोष्ट त्याआधीच सुरू झाली होती. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. उजेड, विश्रांती, कामाचे तास, काहीही बदला, उत्पादन वाढतेच, अशी त्यांची ख्याती झाली. ‘कुणीतरी आपल्याकडे लक्ष देते म्हणून माणसे जास्त काम करतात’ हा निष्कर्ष आजही ट्रेनिंगच्या स्लाइडवर हमखास असतो. १९७४ मध्ये एच. एम. पार्सन्स यांनी जुने कागद पुन्हा चाळले. रिले, म्हणजे टेलिफोन यंत्रणेतले छोटे विद्युत स्विच, जोडणाऱ्या पाच बायकांना आपण किती रिले जोडले याचा आकडा कळत होता, आणि पगार मोठ्या विभागाच्या नव्हे तर त्या छोट्या गटाच्या कामावर ठरत होता. उत्पादन या दोन गोष्टींमुळे वाढले, हे पार्सन्स यांचे म्हणणे मला जास्त पटते. नुसत्या लक्ष देण्याने कुणाचा हात इतका भराभर चालत नाही.

आपल्या कामाचा आकडा समोर दिसला की काम सुधारते, याचे सर्वात गाजलेले उदाहरण एमरी एअर फ्रेट या मालवाहतूक कंपनीचे. लहान पार्सले एका मोठ्या कंटेनरमध्ये भरून पाठवली की विमानभाडे वाचे. जिथे शक्य तिथे आपण सुमारे ९० टक्के वेळा तसे करतो, असे कामगारांना मनापासून वाटत होते. प्रत्यक्ष मोजले तर प्रमाण ४५ टक्के निघाले. एडवर्ड फीनी या अधिकाऱ्याने ना कुणाला झापले, ना बोनस जाहीर केला. कामगारांनी स्वतःच खुणा करायचा एक तक्ता दिला आणि सुधारणा दिसली की वरिष्ठांनी शाबासकी द्यायची असे ठरवले. आकडा ९५ टक्क्यांवर गेला. फरक शाबासकीने पडला की समोर दिसणाऱ्या आकड्याने आणि लक्ष्याने, यावर एडविन लॉक यांनी नंतर टोकदार आक्षेप घेतले, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत.

वाचनाच्या बाजूला तेव्हा वेगळीच लढाई चालू होती: मुलांना अख्खा शब्द ओळखायला शिकवायचे की ध्वनी जोडायला? १९६७ मध्ये जीन चॉल यांनी उपलब्ध संशोधन तपासून ध्वनीच्या बाजूने कौल दिला. त्याच दशकात इलिनॉय विद्यापीठात सीगफ्रीड एंगलमन गरीब घरांतल्या लहान मुलांना शिकवत होते. वॉटसन जाहिरातीत गेले, हे जाहिरात क्षेत्रातून इकडे आलेले. एखादी गोष्ट मुलाच्या डोक्यात बसायला ती किती वेळा कानावर पडावी लागते, हा त्यांचा मूळ प्रश्न. वर्तनवादाची बैठक आणली ती त्यांचे सहकारी वेस्ली बेकर यांनी.

त्यांच्या पाठात अक्षराचे नाव नसते, फक्त आवाज असतो. इंग्रजीत ‘एम’ म्हटल्याने मुलाला ‘म्’ कळत नाही. ही अडचण देवनागरी वाचणाऱ्यांच्या चटकन ध्यानात येत नाही. म्हणून ‘म्’, ‘स्’ असे लांबवता येणारे आवाज आधी. शिक्षिका अक्षराखालून बोट सरकवते, मुले ‘म्म्म्म’ म्हणतात, मग आवाज न तोडता जोडायचे आणि शेवटी झटकन म्हणायचे. ‘बी’ आणि ‘डी’ ही एकमेकांसारखी दिसणारी अक्षरे मुद्दाम लांब लांब अंतरावर येतात. चूक झाली की तिथल्या तिथे दुरुस्ती. मूल शिकले नाही तर दोष शिकवण्यात शोधायचा, हा एंगलमन यांचा हट्ट होता. फीनींनी कामगारांऐवजी तक्ता बदलला, तसाच हा प्रकार.

१९७७ हे वर्ष दोन्हीकडे महत्त्वाचे. गरीब घरांतल्या मुलांना शिकवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती ताडून पाहणाऱ्या ‘फॉलो थ्रू’ या अवाढव्य सरकारी प्रयोगाचा अहवाल त्या वर्षी आला आणि मूलभूत कौशल्यांत एंगलमन यांची पद्धत सर्वात पुढे निघाली. पुढच्याच वर्षी समीक्षकांनी त्या मोजमापावरच बोट ठेवले, आणि शब्दन्‌शब्द लिहून दिलेले पाठ बहुतेक शिक्षकांना रुचलेही नाहीत. कामाच्या ठिकाणी वर्तनवाद वापरण्याला वाहिलेले नियतकालिकही १९७७चेच. त्याचे पहिले संपादक ऑब्री डॅनियल्स.

दरम्यान १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या शिशुशाळेत एक छोटा प्रयोग झाला होता. हौसेने चित्रे काढणाऱ्या मुलांना ‘काढाल तर बक्षीस’ असे आधी सांगितले. बक्षीस मिळाले, पण पुढे मोकळ्या वेळात तीच मुले रंगीत पेनांकडे पूर्वीपेक्षा कमी वळली. बक्षिसाच्या योजना आखणाऱ्यांना हा प्रयोग आजही ऐकवला जातो.