कार्ड टेकवलं, पण रीडर गप्प

बडोद्याच्या दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात एखाद्या मंडळाचं दीड-दोनशे सभासदांचं वाचनालय असेल, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद वहीऐवजी कार्डावर करायला एक आर्डुइनो उनो (प्रोग्राम चढवता येणारी छोटी पाटी), एक आरसी ५२२ मॉड्यूल (कार्ड वाचणारा रीडर) आणि मायफेअर क्लासिक जातीची कार्डं एवढं पुरतं. जोडणी अर्ध्या तासात होते. मग कार्ड टेकवावं तर काहीच होत नाही. अशा वेळी बहुतेक जण प्रोग्राम उकरत बसतात. दोष मात्र बहुधा तारेत, विजेत नाहीतर खालच्या लोखंडी टेबलात असतो.

कार्डात बॅटरी नसते. मॉड्यूलच्या निळ्या पाटीवर कडेकडेने फिरलेली तांब्याची रेघ म्हणजे कॉइल. तिच्यातला प्रवाह १३.५६ मेगाहर्ट्झने उलटसुलट होतो आणि त्या चुंबकक्षेत्रात आलेल्या कार्डाच्या कॉइलमध्ये चिप जागी होण्याइतकी वीज तयार होते. उत्तर देताना कार्ड स्वतःच्या लहरी सोडत नाही. ते आपल्या कॉइलवरचा भार भराभर कमी-जास्त करतं आणि तो फरक रीडरला त्याच्या बाजूने जाणवतो. उत्तरायणात पतंग दिसेनासा झाला तरी दोरीवरचा ताण बोटाला कळतो, तसंच काहीसं. हा ताण फार हलका असतो, म्हणून पल्ला तीन ते पाच सेंटिमीटरच.

जोडणी अशी: मॉड्यूलवरची एसडीए उनोच्या १० ला, एससीके १३ ला, मोसी ११ ला, मिसो १२ ला, आरएसटी ९ ला; ग्राउंड ग्राउंडला; आयआरक्यू मोकळी. ‘एसडीए’ हे नाव इथे फसवं आहे. आयटूसी आणि एसपीआय या चिपांच्या आपसात बोलायच्या दोन पद्धती; ही आयटूसीची डेटा तार नाही, एसपीआयमधली चिप निवडणारी तार आहे. नाव वाचून ती ए४ ला, म्हणजे उनोच्या आयटूसी पिनेला, जोडणारे कमी नाहीत.

वीज ३.३ व्होल्टचीच द्यायची. ५ व्होल्टला जोडलं तर चिप जळू शकते. उनोच्या सिग्नल पिनाही ५ व्होल्ट देतात. थेट जोडूनही मॉड्यूल चालताना दिसतं, पण वर्षभर टेबलावर राहणाऱ्या यंत्रात हा जुगार नको. उनोकडून जाणाऱ्या चारही तारांवर (एसडीए, एससीके, मोसी, आरएसटी) १ किलोओहम ओळीत आणि मॉड्यूलच्या टोकापासून ग्राउंडकडे २ किलोओहम लावले की ५ चे सुमारे ३.३ होतात. मिसोला काही लागत नाही. तिथून येणारे ३.३ व्होल्ट उनो ‘एक’ म्हणूनच वाचतो.

आता कार्ड बाजूला ठेवा. एमएफआरसी ५२२ लायब्ररीतलं (या चिपसाठीच्या तयार प्रोग्रामांच्या संचातलं) डंप इन्फो हे उदाहरण उनोवर चढवलं की सुरुवातीलाच चिपची आवृत्ती छापून येते. हेक्स ९१ किंवा ९२ आलं तर संवाद ठीक आहे. ८८ आलं तर चिप नकली, पण बहुधा चालणारी. ०० किंवा एफएफ म्हणजे रीडरपर्यंत काही पोचतच नाही, आणि त्याचं पहिलं कारण सोल्डर. मॉड्यूलसोबत पिनांची पट्टी सुटी येते. ती नुसती भोकांत खोचून काम होत नाही. बोट दाबलं की चालतं आणि सोडलं की बंद पडतं, हे त्याचं पक्कं लक्षण. तारा वीतभरापेक्षा लांब नकोत.

खरी गोची पुढे आहे: आवृत्ती ९२ येते, पण कार्ड दिसत नाही. आवृत्ती सांगायला चिपला नावापुरता प्रवाह लागतो. कॉइल चालवायला मात्र बराच जास्त. उनोची ३.३ ची पिन ५० मिलिअँपिअरपर्यंत देते, ते पुरतं. उनोऐवजी स्वस्त आर्डुइनो नॅनो वापरला तर त्यावर हीच पिन यूएसबीच्या चिपमधून निघते आणि कॉइल चालू होताच व्होल्टेज बसतं. एएमएस १११७ चा ३.३ व्होल्टचा वेगळा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) आणि मॉड्यूलच्या पायाशी १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की प्रश्न मिटतो.

तरी कार्ड दिसेना, तर ते १२५ किलोहर्ट्झचं असू शकतं. दिसायला सारखंच, पण या रीडरला ते कधीच कळणार नाही. फोन टेकवून चाचणी घेऊ नका. रीडरला दिसणारा त्याचा कार्ड-क्रमांक बहुधा ०८ ने सुरू होतो आणि दर वेळी बदलतो.

लोखंडाचं एवढं वावडं का? बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे पत्र्यात भोवरे प्रवाह उठतात, ते मूळ क्षेत्राला विरोध करतात आणि कॉइलची जुळवलेली वारंवारताही सरकवतात. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आहेत तशा पोलादी मांडण्यांवर रीडर चिकटवला तर तो आंधळाच. खाली दोन सेंटिमीटर लाकूड द्या. तेवढी जागा नसेल तर मध्ये फेराइटचं (चुंबकक्षेत्र पत्र्यापासून अडवणाऱ्या पदार्थाचं) पान.

कार्ड वाचून झालं की त्याला हॉल्टची आज्ञा द्या, नाहीतर ते टेकलेलं असेपर्यंत त्याच सभासदाची नोंद पुन्हापुन्हा होते. किल्ली (सांकेतिक आकडा) लावून कार्डातला माहितीचा कप्पा, म्हणजे ब्लॉक, उघडला असेल तर त्यानंतर स्टॉप क्रिप्टोही (सांकेतिक संवाद बंद करणारी आज्ञा) हवं. ते विसरलं की पहिलं कार्ड चालतं आणि दुसरं नाही.

कार्डात १६ सेक्टर, प्रत्येकी ४ ब्लॉक, ब्लॉकला १६ बाइट. सभासद क्रमांक ४ नंबरच्या ब्लॉकमध्ये लिहा. ३, ७, ११ असे सेक्टरचे शेवटचे ब्लॉक किल्ल्यांचे आहेत. तिथे भलतंच लिहिलं तर तो सेक्टर कायमचा बंद. या कार्डाचं क्रिप्टो-१ हे कुलूप २००८ मध्येच फुटलं आहे आणि क्रमांकाची नक्कल असलेली कार्डंही मिळतात. हजेरीला हरकत नाही, दाराच्या कुलपाला नको.

पुस्तकांना चिकटवायचे आरएफआयडी स्टिकर घ्यायचा विचार असेल तर जरा थांबा. तेही १३.५६ मेगाहर्ट्झचेच असतात, पण बहुधा आयएसओ १५६९३ या मानकाची भाषा बोलतात आणि आरसी ५२२ ला फक्त आयएसओ १४४४३ ए ही आपल्या कार्डांची भाषा कळते. त्यांना पीएन ५१८० या वेगळ्या रीडर चिपचं मॉड्यूल लागतं. ते किमतीला जास्त, पण पल्लाही जास्त देतं.